रोज जाऊन-येऊन नर्सिंग? थोडा इतिहास आणि थोडा हिशोब

परवा रात्री भाचीचा फोन आला. बारावी झाली, सीईटी झाली, मिरजेत बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला. मी अभिनंदन म्हणायच्या आत तिनं विचारलं, "मामा, रोज जाऊन-येऊन जमंल का ओ? पप्पा म्हणत्यात होस्टेलचा खर्च झेपायचा नाही."

मागून ताईचा आवाज आला, "आणि पोरीला एकटं ठेवायचं कसं, ते पण विचार."

आमचं गाव जत तालुक्यात. गावापासून जत, मग जतपासून मिरज. एका बाजूचे ९० किलोमीटर धरा. सकाळी आठला वॉर्डात उभं राहायचं तर पहाटे साडेचारला उठून पहिली गाडी धरायला लागणार. रेल्वेचं म्हणाल तर जतच्या नावाचं स्टेशन आहे, पण त्याचं नाव 'जत रोड'. स्टेशनच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, गाव तिथून लांब आहे. म्हणजे सगळी भिस्त एसटीवर.

मी तिला म्हणालो, "दोन दिवस थांब, विचार करून सांगतो." या दोन दिवसांत थोडं वाचलं, थोडी विचारपूस केली आणि घरातल्याच एका जुन्या नर्सशी बोललो. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत या महिन्यात हाच प्रश्न चालू असणार, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात मुलगी नर्सिंगला निघाली आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात लांबून करतो, कारण मुद्दा तिथंच आहे.

आज ज्याला आपण नर्सिंगचं शिक्षण म्हणतो त्याची सुरुवात लंडनमध्ये सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली झाली. क्रिमियाच्या युद्धातल्या कामामुळं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव झालं होतं. तिच्या सन्मानार्थ लोकांनी निधी जमवला आणि त्यातून ही शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या. त्यांना राहायला जागा, जेवण, गणवेश आणि वर्षाला १० पौंड मिळायचे. शाळेबरोबर त्यांच्यासाठी राहण्याचं 'होम' होतं, प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र जागा होती आणि लक्ष ठेवायला एक जबाबदार बाई होती.

हे 'होम' कशासाठी, तर दोन कारणं होती. त्या काळात इस्पितळात काम करणाऱ्या बायकांकडं इंग्लंडमध्येही कुणी चांगल्या नजरेनं बघत नव्हतं. चांगल्या घरातल्या मुलीच्या आईवडिलांना भरवसा द्यायचा तर ती कुठं राहते, कुणाच्या देखरेखीखाली राहते, हे सांगता आलं पाहिजे. दुसरं कारण कामाचं. रोगी दहा ते पाच आजारी नसतो. रात्री दोनला ताप चढतो, पहाटे चारला बाई बाळंत होते. ही कामं शिकायची तर शिकणारी वॉर्डापासून हाकेच्या अंतरावर पाहिजे.

म्हणजे नर्सिंगच्या शाळेचा आराखडा ज्यांनी काढला त्यांनी शिकणारीच्या राहण्याची सोय आधी धरली आणि अभ्यासक्रम तिच्यावर बसवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

नाइटिंगेल कधी भारतात आली नाही, पण इथल्या आरोग्याबद्दल तिनं आयुष्यभर लिहिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. १८८५ मध्ये लेडी डफरीन फंड सुरू झाला, त्यातून भारतातल्या बायकांसाठी डॉक्टर, नर्स, सुईणी तयार करायचं काम चालू झालं. मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांनी नर्सेसच्या प्रशिक्षणाला हात घातला. १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून सांगितलं जातं. त्यांच्याबद्दल आपल्याला फार माहिती नाही, पण त्या काळात एक बाई परक्या माणसाच्या जखमा धुवायला शिकायला निघते, यासाठी केवढी छाती लागली असेल याचा विचार करा.

आता आपल्या मिरजेकडं येऊ. डॉ. विल्यम वानलेस हा कॅनडाचा मिशनरी डॉक्टर. त्यानं १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उघडलं. मिरजच का, याचं एक उत्तर रेल्वे असं आहे. मिरज जंक्शन होतं. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली होती, पुण्याकडची आणि बेळगावकडची गाडी होतीच. पुढं १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. चारही बाजूंनी रोगी मिरजेत यायला लागले. इस्पितळ मोठं झालं, पाठोपाठ नर्सिंगची शाळा आली आणि 'दुखणं अवघड असेल तर मिरजेला न्या' हे आपल्याकडं बोलण्यातच बसलं.

पण गाडीनं यायचे ते रोगी आणि त्यांचे नातेवाईक. शिकणाऱ्या मुली गाडीनं रोज ये-जा करत नव्हत्या. त्या तिथंच राहायच्या.

पुण्यात हीच गोष्ट वेगळ्या रीतीनं घडली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू केलं आणि बायकांना नर्सिंग शिकायला सासून रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. पहिल्या बायकांत विधवा होत्या. एका बक्षीस समारंभात अशीच एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला पुढं आली तेव्हा प्रेक्षकांतल्या लोकांनी तिची टर उडवली. कार्यक्रम संपता संपता रमाबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्या सभेला त्यांनी खडसावलं. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. पण त्यामागचं रोजचं काम फारसं कुणी सांगत नाही. सेवासदननं वसतिगृहं चालवली. सासूनला शिकणाऱ्या बायकांनी राहायचं कुठं, जेवायचं कुठं, जायचं-यायचं कुणाबरोबर, हे संस्थेनं स्वतःच्या अंगावर घेतलं. ते घेतलं नसतं तर भाषणं कितीही झाली असती, एकही बाई सासूनच्या पायरीवर गेली नसती.

कर्व्यांचंही बघा. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि विधवांचा आश्रम गावाबाहेर हिंगण्याला. मधे काही मैलांचा चिखलाचा रस्ता. पावसापाण्यात ते अंतर कोण चालायचं? अण्णा चालायचे. शिकणाऱ्या मुली हिंगण्यातच राहायच्या.

आणि आपला दक्षिण महाराष्ट्र तर या बाबतीत सगळ्यांना शिकवणारा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी, एकामागून एक बोर्डिंगं निघाली. महाराजांच्या ध्यानात आलं होतं की खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ करून भागत नाही. त्याला कोल्हापुरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. अशाच एका बोर्डिंगात राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण त्यांनी दागिने कशासाठी मोडले? इमारतीच्या शिलान्यासासाठी नाही, मुलांच्या राहण्या-जेवणासाठी.

शाहू महाराजांपासून कर्मवीरांपर्यंत सगळ्यांनी अंतराच्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं: शिकणाऱ्याला शिक्षणाजवळ ठेवा. या बोर्डिंगांत मुलगेच जास्त होते, हे खरं आहे. मुलींच्या वाट्याला ही सोय उशिरा आणि कमी आली. आजचा माझ्या भाचीचा प्रश्न त्या उशिराचाच आहे.

आता घरातल्या नर्सबद्दल. माझी आत्या १९७४ साली नर्सिंगला गेली. घरात सहा माणसं आणि कोरडवाहू जमीन. आजोबांनी तिला पत्र्याची ट्रंक घेऊन दिली आणि एसटीत बसवून दिलं. फी नव्हती, उलट थोडं विद्यावेतन मिळायचं. त्यातलेही पैसे ती घरी पाठवायची. रोज ये-जा करायचा प्रश्नच कुणी काढला नाही, कारण इस्पितळाच्या आवारातल्या होस्टेलवर राहणं सक्तीचं होतं.

परवा फोनवर आत्याला विचारलं, "होस्टेल कसं होतं?" ती हसायला लागली. म्हणाली, "तुरुंग होता रे. संध्याकाळी गेट बंद. आमटीत डाळ शोधायला लागायची. होम सिस्टर लाइट गेल्यावर बॅटरी घेऊन हजेरी घ्यायची." मग थोडं थांबून म्हणाली, "पण पहिल्या नाइटला माझ्यासमोर पेशंट गेला, तेव्हा सकाळी खोलीवर आल्यावर रडायला तीन मैत्रिणी होत्या. एसटीत कुणापुढं रडली असते?"

मला या वाक्यानं जास्त समजलं.

अर्थात जुन्या पद्धतीचं कौतुकच करायचं असंही नाही. होस्टेलवर राहणारी विद्यार्थिनी म्हणजे इस्पितळाला स्वस्तात मिळणारी माणसं. कित्येक वॉर्ड शिकणाऱ्या मुलींच्या जिवावर चालायचे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. त्यात देशात ४३ हजार लोकांमागे एक नर्स असल्याचं नोंदवलं होतं आणि नर्सेसच्या कामाच्या व राहण्याच्या वाईट स्थितीवर बोट ठेवलं होतं. म्हणजे होस्टेल होतं, पण ते चांगलं असायला पाहिजे होतं. पुढं १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, अभ्यासक्रम ठरले, विद्यार्थिनी ही आधी विद्यार्थिनी आहे हे हळूहळू मान्य झालं.

केरळच्या मुलींचंही सांगायला पाहिजे, कारण ताईनं तो मुद्दा काढलाच. "त्या मल्याळी पोरी नाही का कुठनं कुठं येत्यात?" येतात. पिढ्यान् पिढ्या केरळच्या मुली मुंबई, दिल्ली, मिरज अशा शेकडो मैलांवरच्या गावांत शिकायला आणि नोकरीला गेल्या. त्यांच्या पैशानं तिकडं घरं उभी राहिली, भावंडं शिकली. पण त्या लांब गेल्या आणि तिथं राहिल्या. लांब जाणं वेगळं आणि रोज लांब जाणं वेगळं. आपण या दोन गोष्टींत गल्लत करतो.

मग हे बिघडलं कुठं? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खासगी नर्सिंग कॉलेजं भराभर निघाली. वाढायलाच पाहिजे होती, नर्सेस कमीच आहेत. पण जुन्या पद्धतीत इस्पितळ आधी होतं आणि शाळा त्याच्या पोटात होती. नव्या पद्धतीत पुष्कळ ठिकाणी कॉलेज एकीकडं आणि प्रात्यक्षिकाचं इस्पितळ दुसरीकडं. होस्टेल कागदावर असतं, पण त्याची फी वेगळी, जागा कमी. जी गोष्ट शिक्षणाचा पाया होती ती पावतीवरची एक ओळ झाली. परवडत असेल तर घ्या, नाहीतर एसटी आहेच.

परिषदेच्या नियमांतही गंमत बघा. कॉलेज आणि त्याचं संलग्न इस्पितळ यांच्यात साधारण १५ ते ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नसावं, डोंगरी आणि आदिवासी भागात ५० पर्यंत चालेल, असं ठरवलेलं आहे. का? तर प्रवासात विद्यार्थिनींचा वेळ आणि ताकद जाऊ नये. योग्यच आहे. मग जी मुलगी त्या कॉलेजच्या दारातच ९० किलोमीटरवरून येऊन पोचते तिचं काय? तिचं अंतर कुठल्याच तपासणीत मोजलं जात नाही.

आणि हजेरीचा नियम कडक आहे. थिअरीला किमान ८० टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकाचे तास तर पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. हा नियम चुकीचा नाही. ज्या नर्सनं बाळंतपणाच्या वॉर्डातले अर्धेच तास केले तिच्या हातात तुम्ही तुमची सून द्याल का? पण याचा अर्थ असा की चुकलेली एसटी ही फक्त चुकलेली एसटी नसते. तो चुकलेला तास कधी ना कधी भरून द्यावा लागतो.

आमच्याच गावातल्या नर्सिंगला गेलेल्या पहिल्या मुलीचं हेच झालं. नाव सांगत नाही, कॉलेजही सांगत नाही. हुशार मुलगी. रोज जाऊन-येऊन करायची. पहिले काही महिने वर्गातले तास जास्त होते, तेव्हा निभावलं. मग संध्याकाळच्या ड्युट्या लागल्या. रात्री आठला सुटल्यावर गावापर्यंत पोचवणारी गाडी नव्हती. कधी मैत्रिणीच्या खोलीवर चोरून राहायची, कधी वडील मोटरसायकल घेऊन जतला येऊन थांबायचे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. वडापच्या जीपला रोजचे पैसे कुठनं आणायचे? तास बुडत गेले. भरून काढायचे तर सुट्टीत परत तेच ९० किलोमीटर. दुसऱ्या वर्षी तिनं सोडलं. लोक म्हणाले, पोरीला झेपलं नाही. त्या मुलीनं दीड वर्ष पहाटे साडेचारला उठून दाखवलं होतं. तिला नर्सिंग झेपत होतं. तिला रस्ता झेपला नाही, आणि तो कुणालाच झेपला नसता.

आता हिशोब मांडतो. दाजींनाही असाच कागदावर मांडून दाखवला.

जायला अडीच तास, यायला अडीच तास. रोजचे ५ तास. महिन्याला २४ दिवस धरले तर १२० तास. वर्षातले १० महिने धरले तर १,२०० तास. चार वर्षांचे ४,८०० तास. आठ तासांची एक ड्युटी धरली तर या ६०० ड्युट्या झाल्या. तुमची मुलगी चार वर्षांत ६०० ड्युट्या एसटीच्या सीटवर करणार, त्याही बिनपगारी, आणि त्यातून ती इंजेक्शन द्यायला शिकणार नाही.

"बसमध्ये अभ्यास करंल की," असं दाजी म्हणाले. दाजी, पहाटे पाचच्या गाडीत उभ्यानं अ‍ॅनाटॉमी वाचून दाखवा एकदा.

दाजींचा दुसरा मुद्दा मात्र खरा होता. ते म्हणाले, "पास स्वस्त पडतो." पडतोच. विद्यार्थ्यांना पासात मोठी सवलत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीटही आहे. या सवलती चांगल्या आहेत, हजारो मुली त्यांच्यामुळं शिकल्या. पण त्यानं एक घोटाळा होतो. पासाचे पैसे दिसतात आणि होस्टेलचे पैसे दिसतात, म्हणून आपण त्या दोन आकड्यांची तुलना करतो. झोप दिसत नाही. रोज ५ तास प्रवासात गेले की ते झोपेतून कापले जातात, दुसरीकडून कुठून येणार? आणि अपुऱ्या झोपेवर उभी असलेली मुलगी वॉर्डात औषधाचा डोस मोजत असते. हा प्रश्न फक्त तिच्या तब्येतीचा नाही, त्या कॉटवर पडलेल्या माणसाचाही आहे.

मग रोज ये-जा कधीच करू नये का? तसं नाही. माझ्या मते प्रवास एका तासाच्या आत असेल, मधे गाडी बदलायची नसेल, संध्याकाळची ड्युटी संपल्यावर घरी पोचवणारी खात्रीची गाडी असेल आणि नाइटच्या दिवसांत कॉलेज राहायची सोय करत असेल, तर खुशाल जा-ये करा. तासगाव, कवठेमहांकाळ, जयसिंगपूर या बाजूच्या बऱ्याच मुलींना हे जमतं. घरचं जेवण मिळतं, पैसे वाचतात. यातली एक जरी अट तुटत असेल तर परत विचार करा. दोन तुटत असतील तर नको.

आणि कुणाच्या घरात परिस्थिती अशी असेल की "रोज घरी येणार असशील तर शीक, नाहीतर लग्न", तर त्या मुलीला मी 'जाऊ नको' म्हणणार नाही. जा. पहिलं सत्र वर्गातले तास जास्त असतात, तेवढं काढ. तोवर घरच्यांची भीती कमी होईल, दोन मैत्रिणी होतील, मग खोलीचं बघ. १९०९ साली बायकांना जे उंबरे ओलांडायला लागले तेच आजही काही घरांत आहेत. ते एका उडीत ओलांडले जात नाहीत.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन काय विचारायचं, तेही लिहितो. कॉलेजचं स्वतःचं इस्पितळ कुठं आहे आणि त्यात रोगी खरंच आहेत का? नियमाप्रमाणं किमान १०० खाटा पाहिजेत आणि सरासरी ७५ टक्के खाटा भरलेल्या पाहिजेत. वॉर्डातून एक चक्कर मारून या, कळतं. परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का? कम्युनिटीच्या पोस्टिंगला गाडी कॉलेजची असते का? नाइटला मुली जातात कशा, परत येतात कशा? होस्टेलमध्ये जागा किती आणि मुली किती? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला तर समजून जा.

पैशांसाठीही दारं आहेत, फक्त ती ठोठवायला लागतात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी आणि तारखा वेगळ्या आहेत. प्रवेशाच्या गडबडीत तारीख निघून जाते आणि मग वर्षभर हळहळ. समाजकल्याणच्या कार्यालयात आणि कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या दिवशीच विचारा. पैसे उशिरा येतात हेही धरून चाला, पहिल्या काही महिन्यांची तजवीज घरून करायला लागते.

आता सगळ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडं नवीन कॉलेज मंजूर झालं की फटाके वाजतात, फ्लेक्स लागतात. जागा किती वाढल्या हे स्टेजवरून सांगतात. मुली राहणार कुठं, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या राजानं आणि साताऱ्याच्या कर्मवीरांनी जो प्रश्न सगळ्यात आधी विचारला तो आपण सगळ्यात शेवटी विचारतो, किंवा विचारतच नाही. आमदार-खासदार, संस्थाचालक, कुणीही पुढच्या वेळी नारळ फोडायला आले तर एवढंच विचारा: वसतिगृहात खाटा किती? आणि एसटीच्या आगारात अर्ज द्यायचा असेल तर संध्याकाळच्या ड्युटीनंतर सुटणाऱ्या एका गाडीसाठी द्या. माझी त्यावर पहिली सही.

भाचीचं काय ठरलं ते सांगून थांबतो. दाजींनी हिशोबाचा कागद दोनदा वाचला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः ताईकडं गेली. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण संध्याकाळी ताईचा फोन आला. कॉलेजच्या होस्टेलची फी खरंच जास्त आहे, म्हणून इस्पितळाजवळ एका निवृत्त सिस्टरच्या घरी खोली बघितली. आणखी दोन मुली आहेत, एक आटपाडीची, एक सांगोल्याची. तिघींत भाडं वाटून घ्यायचं. शनिवारी ड्युटी नसेल तर गावी यायचं. शेळ्या दोन विकल्या.

जेवणाचं विचारलं तर ताई म्हणाली, "सकाळच्या गाडीनं आठवड्यातनं दोनदा भाकरी-चटणीचा डबा पाठवीन. कंडक्टर ओळखीचा हाय."

म्हणजे ९० किलोमीटर आता डबा जाणार. पोरगी तिथंच राहून शिकणार.

तुमच्या गावातून कुणी रोज ये-जा करून नर्सिंग केलं असेल, पूर्ण केलं असेल किंवा सोडलं असेल, तर जरूर लिहा. कुठल्या मार्गावर संध्याकाळनंतर गाडी नाही तेही लिहा. यादी करून आगारात देऊ.